घेणारीचं नाव

यज्ञेशच्या नावापुढे ‘दत्तक दिला’ असं लिहिलेलं होतं आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं. वर त्याचे वडील दत्तात्रेय, त्यांच्या वर त्यांचे वडील, मग आणखी वर चढत गेलेली, एकमेकांसारखीच वाटणारी नावं. इकडे खाली मात्र सगळं माझ्या नवऱ्यापाशी येऊन थांबलं होतं, नळाची तोटी कुणीतरी घट्ट आवळावी तसं. मी नव्हते. आमचा मुलगा अनिश नव्हता. शेजारच्या शाखा भरभरून खाली उतरलेल्या, त्यात अमेरिकेतली पोरं, त्यांच्या बायकांची माहेरची नावं, एका मुलीचं पीएच.डी.देखील. मी खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावर बोट ठेवून ओळ पुन्हा वाचली. पलीकडे काउंटरवर बसलेली हेतल, या सायबर कॅफेची मालकीण, मटार सोलत होती. तिने मान वर केली, बहुधा बोटाचा डाग पडेल म्हणून. मी बोट काढून घेतलं. खरं तर मला आधी हसूच आलं होतं. सकाळी चहात साखर कमी म्हणून कुरकुरणारा, बँकेत जाताना रुमाल विसरणारा हा माणूस कुणीतरी कुणालातरी देऊन टाकला होता आणि मला सांगितलं नव्हतं. मग नजर त्याच ओळीत जरा डावीकडे गेली, आणि हसू तिथेच बसलं. यज्ञेशच्या आधी दोन नावं होती. दोन्ही मुलगे. दोघांपुढे एकच शब्द: अल्पायुषी.

मी इथे आले होते ती डॉक्टरांच्या प्रश्नासाठी. होळीच्या सुमाराला अनिशला ताप आला आणि तापात त्याने डोळे फिरवले. संध्याकाळ होती, मी त्याच्यासाठी मऊ भात कालवत होते. तो पाटावर बसला होता आणि बसल्या बसल्या लाकडासारखा ताठ झाला, दातखीळ बसली, ओठ निळसर, आणि मग सगळं अंग कुणीतरी आतून हिसके द्यावेत तसं. पुढचं मला सलग आठवत नाही. रस्त्याच्या खडीचे तळपायांना टोचणारे तुकडे आठवतात, म्हणजे मी अनवाणी धावले असणार. रिक्षावाल्याचा शर्ट आठवतो, खांद्यावर उसवलेला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो मोकळा झाला होता आणि माझ्या खांद्यावर झोपला होता, जणू सगळी धावपळ माझीच काहीतरी हौस होती. डॉक्टर शांत होते. तापातले झटके लहान मुलांना येतात म्हणाले, आणि विचारलं, घराण्यात कुणाला लहानपणी असं झालं होतं का. मी माझ्या बाजूचं सांगितलं, कुणाला नाही. मग मागून रिक्षाने येऊन पोचलेल्या माझ्या सासूबाईंकडे आम्ही दोघांनी पाहिलं. आई पदर सावरत म्हणाल्या, “नाही हो. आमच्यात असलं काही नाही.” पदर खांद्यावर होताच. सावरण्यासारखं काही नव्हतं. हे मी तेव्हाच पाहिलं होतं. मी सगळं पाहते. पाहण्याशिवाय त्या दिवसापासून मी दुसरं काही करतच नाही.

त्या दिवसापासून माझा तळहात माझा राहिलेला नाही. तो जाता येता अनिशच्या कपाळावर जाऊन बसतो. खेळताना, जेवताना, तो कार्टून पाहत असताना. तो आता मान बाजूला घेतो, एखाद्या माशीला हाकलावं तसं माझ्या हाताला हाकलतो. थर्मामीटर मी पर्समध्ये ठेवते. यज्ञेश म्हणतो, अगं, तू त्याला आजारी पाडशील. यज्ञेश हे चिडून म्हणत नाही, थकून म्हणतो, आणि त्याचं थकणं मला चिडण्यापेक्षा जड जातं. मला कुणीतरी भांडायला हवं होतं. त्याऐवजी घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले होते.

स्वानंदीचा फोन आला तो अशाच एका दुपारी. ही यज्ञेशची चुलत बहीण, पुण्याला असते, कुलमंडळाच्या कामात नेहमी पुढे. आपला सगळा कुलवृत्तांत आता इंटरनेटवर घातलाय म्हणाली, पूर्वी तो जाडजूड ग्रंथ विकत घ्यावा लागायचा, आता जगात कुणीही कुठूनही पाहावा. “अगं, फुकट आहे. बघ तरी, तुझं नाव बरोबर टाकलंय का ते,” म्हणाली. आमच्या घरात त्या ग्रंथाची प्रत कधी नव्हती. माझे सासरे शिक्षक, घरभर पुस्तकं करून ठेवलेला माणूस, जुनी पंचांगंसुद्धा टाकवत नसत त्यांना. त्यांनी स्वतःच्याच कुळाचं पुस्तक घेतलं नाही, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. ते जाऊन पाच-सहा वर्षं झाली. स्वानंदीचं बोलणं ऐकताना मात्र मला डॉक्टरांचा प्रश्न आठवला. माणसं पदर सावरतात. लिहिलेलं काही सावरत नाही, असं मला वाटलं. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलीला असं वाटायचंच.

आणि म्हणून मी जेल रोडच्या बाजूच्या या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आले होते. आधी पडद्यावर नुसते उभेआडवे चिरे दिसत होते. हेतलने मटाराचा हात ओढणीला पुसून कुठलासा फॉन्ट उतरवून दिला, तेव्हा चिऱ्यांची अक्षरं झाली. तिने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि विचारलं, हे काय, तुमच्या सगळ्या लोकांची नावं? तिच्याकडे, म्हणाली, गावाला बारोट येतो वही घेऊन. त्याला जेवू घालायचं, कपडे द्यायचे, तेव्हा तो वहीत नव्या पोराचं नाव चढवतो. नाही दिलं तर पोर वहीत नाही. “तुमचं बरं आहे भाभी, फुकटमध्ये,” असं म्हणून ती मटाराकडे परत गेली. मी कागदावर उतरवून घेतलं. पण हात आपोआप वेगळंच काढू लागला. कॉलेजात शिकवायचे तसं: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, रोग असेल तो काळा भरायचा, मेलेल्यावर तिरकी रेघ. दत्तात्रेय, चौकोन, रेघ. कुसुम, वर्तुळ. ग्रंथात कुसुम, म्हणजे आमच्या आई, होत्या, पण एका कंसात, माहेरच्या नावासकट, दोन ओळींच्या मध्ये अडकलेल्या. त्यांच्या खाली तीन चौकोन. दोघांवर तिरकी रेघ. काळे भरायचे की नाही ते मला माहीत नव्हतं. तिसरा, माझा नवरा, पांढरा. त्याच्या खाली मी एक छोटा चौकोन काढला, जो ग्रंथात नव्हता, आणि त्यावर पेनाचं टोक ठेवून बसून राहिले. शाईचा ठिपका वाढत गेला तेव्हा घाईने उचललं.

पानाच्या तळाशी लिहिलं होतं: माहितीत चूक वा भर असल्यास येथे कळवावे. तिथे दाबलं की रिकामे रकाने उघडत. नाव, शाखा, पत्नी, अपत्ये. दत्तक दिला असल्यास कोणत्या घराण्यात. मी तेव्हा काही भरलं नाही. आधी विचारायला हवं होतं. रस्त्यावर ऊन चरचरत होतं, आणि घरापासून दूर असले की डोक्यात जे सुरू होतं ते सुरू झालं होतं: आता पडला असेल, आता तापला असेल, आता आई हाक मारत असतील आणि मी इथे मेलेल्यांची नावं उतरवते आहे.

तो काही तापला नव्हता. पडवीत लाकडी ट्रकमध्ये आजीचे आमसुलाचे तुकडे भरून चालवत होता. आई मागीलदारी आमसुलं वाळत घालत होत्या, कोपरापर्यंत हात लाल. मी बसले आणि त्यांच्याबरोबर सालं पसरू लागले. समोरासमोर मला विचारता आलं नसतं. म्हटलं, मी आपला कुलवृत्तांत पाहिला. त्यांचा हात थांबला नाही. म्हटलं, यांच्या आधी दोघं होते? मग हात थांबला. त्या म्हणाल्या, होते. एवढंच. एक साल उलटं पडलं होतं ते सुलटं केलं. मी वाट पाहिली. वाट पाहणं मला चांगलं जमतं. मग त्या सालांकडे पाहत सांगत गेल्या, आवाज जराही न बदलता, जसं कुणी दुसऱ्या गावची हकीकत सांगावी. दोघंही तापात गेले. पहिला चालू लागला होता. दुसरा बोलत होता, मामाला ‘माम’ म्हणायचा. डोळे फिरवायचे, ताठ व्हायचे. तेव्हा कोण डॉक्टर, आणि किती लांब. यज्ञेशलाही रांगता असतानाच पहिला झटका आला, तेव्हा त्यांनी ठरवलं की हे मूल आपलं म्हणून ठेवायचं नाही.

“डॉक्टरांना ‘नाही’ का म्हणालात?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. पडवीतला ट्रक थांबला.

“अगो, पोर तुझ्या खांद्यावर होतं,” आई म्हणाल्या. “त्याच्या कानावर कसं घालू.”

तेव्हा मला हिराचं कळलं. हिराला मी माझ्या लग्नापासून पाहत होते. भाट्याची मासे विकणारी बाई. गणपतीनंतर आणि दिवाळीच्या आधी मागीलदारी येऊन पायरीवर बसणारी. टोपली नसायची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मग ही कशाला येते, हे कोडं मी माझ्या परीने सोडवून टाकलं होतं: यज्ञेश बाहेर मासे खातो आणि ही त्याची उधारी मागायला येते. आई तिला चहा देत, खण-नारळाने ओटी भरत, आणि यज्ञेश घरात असला तर ती त्याच्यावरून बोटं मोडून जाई. हे सगळं त्या उधारीचं व्याज असं समजून मी मनात हसायची. एकदा यज्ञेशला मलेरिया झाला होता तेव्हा आई त्याच्या उशाशी बसून त्याला ‘धाकू’ म्हणताना मी ऐकलं होतं. दुसऱ्याच कुणाचं नाव त्यांच्या तोंडी आलं असेल असं वाटलं होतं. तर धाकू हे हिराने ठेवलेलं नाव. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे मूल विकून टाकायचं, म्हणजे ज्याने दोघं नेले त्याला वाटावं की इथे आता नेण्यासारखं काही नाही. याच मागीलदारी आईंनी यज्ञेशला सुपात घालून हिराला दिला, हिराने ओंजळभर कोंडा देऊन घेतला, आणि मग ‘हिराचं पोर सांभाळते’ म्हणून आईंनी तो परत मांडीवर घेतला. मुंजीच्या आधी लुगडं देऊन परत विकत घ्यायचा असतो. “मी घेतला नाही,” आई म्हणाल्या. “मामंजी रागावले. ह्यांनी मुंज तशीच लावली. मी म्हटलं, चाललंय तसं चालू दे.”

आणि ते पुण्याचे गृहस्थ, कुलवृत्तांतासाठी माहिती गोळा करत गावोगाव फिरणारे, आले होते यज्ञेश पायाशी रांगत असताना. सासरे शाळेत. झोपाळ्यावर बसून त्यांनी वही उघडली आणि विचारलं, हा तुमचा? आईंनी सांगितलं, नाही, हा दिलेला. परक्याने विचारलं तर असंच सांगायचं असतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि देशावरच्या माणसाला जे कळलं ते त्यांनी लिहिलं. ग्रंथ छापून आला तेव्हा सासरे दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले होते. आईंनी दौत उचलून नेली. मग त्यांनी ग्रंथ घरात आणलाच नाही.

“लिहिलंय तसं असू दे, नीरजा,” त्या म्हणाल्या. “त्याच्याखाली ह्याचं नाव घालू नको.” आणि लाल हाताने, माझ्याकडे न पाहता, पडवीकडे दाखवलं.

मी उठून हात धुतले. डाग निघाला नाही.

यज्ञेशला संध्याकाळी सांगितलं तर तो हसला. त्याला बरंचसं माहीत होतं. फक्त कुणी एका जागी मांडून सांगितलं नव्हतं. दोन भाऊ होते हे कधीतरी कानावर आलं होतं, पण आई बोलत नाही म्हणून त्यानेही विचारलं नाही. लहानपणी तो पोहायला म्हणून भाट्याला जायचा आणि हिराच्या चुलीपाशी बसून बांगडा खाऊन यायचा, हे त्याने आता इतक्या वर्षांनी मला सांगितलं, म्हणजे माझं उधारीचं कोडं अगदीच चुकलं नव्हतं. दुरुस्ती करून टाक की, म्हणाला, आईचं काय. मग थोड्या वेळाने म्हणाला, नको असेल तर नको करू. बुटाची नाडी सोडता सोडता तो असा दोन्ही बाजूंनी बोलतो आणि मग पेपर उघडतो. मी त्याच्या कपाळाकडे पाहत होते. रुंद कपाळ, अनिशचं तेच. या कपाळावरून ते अलगद निघून गेलं. का गेलं, ते कुणाला सांगता येणार होतं?

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. दोन काका, स्वतः वडील. ते खूश झाल्यासारखे दिसले, गणित सुटल्यावर मास्तर दिसतात तसे. बरं झालं विचारलंत, म्हणाले, असे झटके घराण्यात असतात आणि सहाव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांचे आपोआप थांबतात. पूर्वी मुलं गेली ती कदाचित दुसऱ्याच कशाने गेली असतील, मेंदूच्या तापाने असेल, तेव्हा कोण तपासत होतं. ताप आला की अंग पुसून काढा, औषध जवळ ठेवा, काळजी करू नका. मी मान हलवली. सगळं समजलं होतं. माझ्या कागदावर मी तिन्ही चौकोन काळे केले, आणि छोटा चौकोनही. चित्र पुरं झालं, अगदी पुस्तकातल्यासारखं. आणि बसस्टँडपर्यंत चालताना लक्षात आलं की माझी भीती तसूभरही हललेली नाही. बहुतेक मुलांचे, असं ते म्हणाले होते. उरलेली मुलं कुणाची असतात?

इथपर्यंत मला वाटत होतं की भांडण माझं आणि आईंचं आहे. मी शिकलेली, त्या जुन्या. नाव लिहायचं की नाही एवढाच प्रश्न, आणि मी लिहिणार. अनिश आहे, हाडामासाचा आहे, भेंडी खात नाही, रात्री कूस बदलताना गाण्यासारखं काहीतरी पुटपुटतो. कुणीही कुठूनही पाहावं अशा त्या फुकट झाडावर तो नसावा हे मला सहन होत नव्हतं. सात समुद्रांपलीकडची पोरं आहेत आणि हा इथे, घराण्याच्या मूळ मातीत पाय काळे करणारा, हा नाही. पण तिथे तो लिहिला म्हणजे काय होईल, असं मी मनाशी म्हटलं की मन पुढे सरकत नसे. काही होणार नाही. काही होणार नाही हे मला ठाऊक होतं. मग समजा पुढे ताप आला. समजा नाव चढवल्यानंतरच्या आठवड्यात आला. आई काही बोलणार नाहीत, पदर सावरतील. आणि मी जन्मभर त्या पदराकडे बघत बसेन.

मी हिराकडे गेले. का ते मला नीट सांगता येणार नाही. अनिशला बरोबर घेतलं. रिक्षा भाट्याच्या पुलावरून जाताना त्याने खाडीतल्या होड्या मोजायला सुरुवात केली आणि मध्येच नवीन होडी आली म्हणून रडकुंडीला आला. हिराचं घर सुरूच्या झाडांच्या मागे. अंगणात मांदेली सुकत घातली होती, कावळ्यांसाठी वरून जुनं जाळं ताणलेलं. ती काठी घेऊन बसली होती, पाय लांब करून, पायात सूज. मला पाहून उठली नाही. अनिशला पाहून मात्र काठी खाली ठेवली.

“धाक्याचा न्हवं ह्यो? कपाळ बग,” ती म्हणाली. “म्हंजी तू माजी सून. सासूच्या घरी येवढ्या वर्सांनी आलीस, हातात काय आनलंस?”

मी काहीच आणलं नव्हतं. ओशाळून तसं सांगितलं तर ती दात नसलेलं हसली आणि म्हणाली, कोकम तरी आणायचं होतंस, तुझ्या सासूच्या हातचं चांगलं होतं. अनिश नाक दाबून उभा होता. थोड्या वेळाने त्याने एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने जाळ्याखालची मांदेली टोचायला सुरुवात केली. मी त्याला ओढू का, हात धुवायला पाणी कुठे, कुठली घाण, हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी ओढलं नाही. हिराला तो दिवस आठवत होता. मासे विकून परत चालली होती, बर्फातले हात, बधिर झालेले. सूप पुढे आलं तेव्हा पोर तापाने फणफणलं होतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो गार लागला असावा, कारण त्याने डोळे उघडले. कोंडा तिथल्याच एका कोंबडीवालीकडून मागून घेतला होता, म्हणाली, आमच्याकडं कुठला कोंडा. एवढंच. मी काय केलं न्हाय, म्हणाली, दोनदा.

आणि मग मी ते विचारलं, जे बहुधा विचारायलाच आले होते, आणि जे आईंनी कधी विचारलं नसणार. तुम्हाला भीती नाही वाटली? त्यांच्या घरातून निघालेलं तुमच्या घरात येईल अशी?

तिने काठीने कावळा हाकलला. अंगणाच्या कडेला कुणीतरी इंजिनाचा भाग घेऊन बसलं होतं, पाठमोरा रुंद माणूस, तिचा मुलगा. त्याच्याकडे तिने हनुवटीने दाखवलं.

“गंगाराम पोटात व्हता तवा,” ती म्हणाली. “वाटली की. त्यो सुटंपरेंत मला झोप न्हाय. शिवा मारायला उठला व्हता, माजा नवरा. म्हनला, भटाचं मरन पदरात घेऊन आलीस.”

“मग का घेतलात?”

“तुजी सासू दारात सूप घेऊन हुबी. न्हाय कोन म्हनंल, बाय?”

मी खाली पाहिलं. माझ्या चौकोनांच्या चित्रात ही बाई कुठे नव्हती. तिचं रक्त नव्हतं, म्हणून वर्तुळही नव्हतं. ज्याला आई इतकी वर्षं घाबरत आल्या ते त्यांनी उचलून शेजारच्या पोटात ठेवलं होतं, आणि त्या पोटातलं मूल आता पाठमोरं बसून नट पिळत होतं, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्याचं काही बिघडलंही नव्हतं. काही बिघडलं नाही हे आता दिसतं. तेव्हा, तो सुटेपर्यंत, कुणाला दिसत होतं? मला माझ्या रात्री आठवल्या, कपाळावर हात ठेवून काढलेल्या. माझ्याआधी या रात्री हिराने काढल्या होत्या, आमच्याचसाठी, एका ओंजळ कोंड्यावर.

कशी आलीस म्हणून तिने विचारलं तेव्हा मी जमेल तसं सांगितलं: आमच्या घराण्याचं सगळं आता कॉम्प्युटरवर आहे, कुणालाही बघता येतं, त्यात यांना दत्तक दिला असं लिहिलंय. तिला ते आवडलं. खरंच हाय की, म्हणाली. मग विचारलं, “कोनाला दिला त्ये लिवलंय?”

नाही, म्हटलं.

“आसं कसं गो,” हिरा म्हणाली. रागाने नाही, तराजू एका बाजूला कललेला दिसावा तसं तिला ते दिसलं. “देनारं हाय नि घेनारं न्हाय?”

निघताना तिने अनिशला जवळ बोलावलं. मला वाटलं ती बोटं मोडेल. तिने नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने मान बाजूला घेतली नाही.

सायबर कॅफेत दुसऱ्या दिवशी गर्दी होती, कुठल्यातरी निकालाची. हेतलने कोपऱ्यातला, पंख्याच्या वाऱ्याबाहेरचा कॉम्प्युटर दिला. रकाने उघडले. नाव: यज्ञेश. शाखा. दत्तक दिला असल्यास कोणत्या घराण्यात: तिथे मी एक एक अक्षर शोधत लिहिलं, हिरा शिवा, भाट्ये, रत्नागिरी. गोत्र या रकान्यात काय लिहायचं ते न कळून तो मोकळा सोडला. पुण्यात हे कुणीतरी वाचेल, चष्म्यावरून पाहील, आणि हा कुणीतरी चेष्टेने पाठवलेला मजकूर समजून काढून टाकेल. मला ते माहीत होतं. तरी कुठेतरी ते एकदा लिहिलेलं असावं. पत्नी: नीरजा. स्वतःचं लिहायला मला काही वाटलं नाही. मग अपत्ये. तिथे ती उभी रेघ लुकलुकत राहिली. मी ‘अ’ लिहिला. ‘नि’ लिहिला. तालुक्यातल्या, देशातल्या, कुठल्याही माणसाला फुकट दिसेल असं माझ्या मुलाचं अर्धं नाव. मला सगळं ठाऊक होतं, डॉक्टर काय म्हणाले ते, वंशाचे नियम, सहावं वर्ष. मी ती दोन अक्षरं एकेक करून पुसली आणि पाठवून दिलं. हेतलने विचारलं, चढलं का नाव, भाभी? मी म्हटलं, एक चढवलं.

घरी आई मागीलदारी वाळलेली आमसुलं बरणीत भरत होत्या. मी पायरीवर बसले, त्याच पायरीवर. त्यांनी विचारलं, लिहिलंस? म्हटलं, हिराचं लिहिलं. त्यांनी बरणीत हात घालून आमसुलं दाबली, बराच वेळ दाबत राहिल्या, जागा होती तरी. मग विचारलं, आणि ह्याचं? मी मान हलवली, नाही अशी. मला अपराधी वाटायला हवं होतं, किंवा हरल्यासारखं. वाटलं ते इतकंच, की आता आम्ही दोघी एकाच बाजूला बसलो आहोत आणि मी फार दमले आहे. थोड्या वेळाने त्यांनी एक लहान बरणी वेगळी काढून, भरून, झाकण घट्ट लावून माझ्यापाशी ठेवली. ही भाट्याला दे म्हणाल्या. तूच दे, माझे पाय आता तिथवर नाहीत.

अनिश खेळून आला, लाल धुळीने माखलेला, घामाने चिंब. माझा हात निघाला होताच. मी तो आवरला, पायरीशेजारच्या पाण्याच्या दगडी डोणीत मनगटापर्यंत बुडवला, पाणी गार होतं, बोटं बधिर होईपर्यंत तसाच धरला. मग त्याच्या कपाळावर ठेवला. ताप नव्हता. तो डोळे मिटून उभा राहिला, आणि म्हणाला, अजून.